पिकते तिथेच विकते : फ्रान्समधील जुन्या कागदांचा व्यापार

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या अंकातील प्रश्न फ्रान्समधील जुनी पोस्टकार्डे, दुकानांची बिले, जाहिरातींची रंगीत चित्रे, पत्रे, तिकिटे अशा छापील आणि हस्तलिखित कागदांच्या खरेदी-विक्रीविषयी आहेत. उत्तरे देणाऱ्या विक्रेत्या पश्चिम फ्रान्समधील नाँत शहरात राहतात आणि व्यवसायासाठी देशभर फिरतात.)

प्रश्न : आपला व्यवसाय म्हणजे भटकंती आणि खरेदी, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात आपला आठवडा कसा जातो? — एक निवृत्त ग्रंथपाल

ते चित्र शनिवार-रविवारपुरते खरे आहे. वसंत ऋतू सुरू झाला की सप्टेंबर संपेपर्यंत फ्रान्समधील गावोगावी रविवारी घरातले माळे रिकामे करण्याचे बाजार भरतात. त्यांना इथे ‘व्हीद-ग्रेनिये’ म्हणतात. खासगी व्यक्तीला अशा बाजारात वर्षातून दोनदाच बसता येते, तेही केवळ स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन आणि तशी लेखी हमी देऊन. या नियमामुळेच तिथे येणारा माल बहुतांशी खऱ्या घरांतून, खऱ्या कपाटांतून आलेला असतो, आणि म्हणूनच माझ्यासारखे धंदेवाईक लोक उजाडण्यापूर्वी हातात विजेरी घेऊन तिथे हजर असतात. मांडणी पूर्ण होण्याची वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते; चांगली खोकी गाडीच्या डिकीतून खाली उतरता उतरताच हातोहात जातात. शनिवारी सकाळी नाँतमध्येच व्हियार्म चौकात जुना बाजार भरतो, तो मी सहसा चुकवत नाही.

सोमवार ते शुक्रवार मात्र टेबल, दिवा आणि भिंग यांच्याच सोबतीत जातात. आणलेल्या गठ्ठ्यातील कार्डे आधी जिल्ह्यांच्या क्रमांकानुसार लावावी लागतात, कारण फ्रान्समधील गिऱ्हाईक ‘मला २९ दाखवा’ असे म्हणते आणि त्याला फिनिस्तेर जिल्ह्याचा खोका हवा असतो. मग प्रत्येक कागदाचे वर्णन लिहायचे, दुमडलेला कोपरा, बुरशीचे तपकिरी ठिपके, अल्बममध्ये चिकटवल्याच्या खुणा यांची प्रामाणिक नोंद करायची, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यायची, आणि विकलेला माल दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून पोस्टात न्यायचा. लिलावगृहांत किरकोळ वस्तूंनी भरलेल्या पेट्या एकगठ्ठा विकल्या जातात. त्यांना ‘मानेत’ म्हणतात. तळाशी काय आहे हे धड पाहू न देता बोली लावायला लावणारा हा प्रकार मला मनापासून आवडतो, जरी बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचे शुल्क वेगळे द्यावे लागते आणि ते थोडेथोडके नसते.

प्रश्न : तारीख नसलेला कागद कोणत्या काळातील आहे, हे आपण कशावरून ठरवता? — इतिहासाचा एक विद्यार्थी

उत्तर देण्यापूर्वी माझ्यासमोर आत्ता असलेले एक कार्डच पाहू. चित्रात एका लहानशा रेल्वे स्थानकाचा फलाट आहे. टोपी घातलेला स्टेशनमास्तर पोट पुढे काढून उभा आहे, फाटकावरच्या बाईने गुंडाळलेले निशाण काखेत धरले आहे, आणि छायाचित्र घेताना मान हलवल्यामुळे कोपऱ्यातल्या कुत्र्याला दोन तोंडे आली आहेत. डाकेचा शिक्का अर्धाच उमटला असून त्यातले वर्ष वाचता येत नाही.

आता कार्ड उलटून बघा. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली आहे : डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. फ्रान्समध्ये १९०३ च्या अखेरीपर्यंत मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती आणि निरोप चित्राच्या भोवतालच्या रिकाम्या जागेत दाटीवाटीने लिहावा लागत असे. तेव्हा हे कार्ड त्यानंतरचे. तिकीट चित्रातल्या आकाशावरच चिकटवलेले आहे, आणि ते आहे पाच सांतीमचे (शंभर सांतीमांचा एक फ्रँक), हिरवे, धान्य पेरत चाललेल्या स्त्रीचे. कलावंत ओस्कार रोती यांच्या या आकृतीची तिकिटे १९०३ पासून निघाली, पण सपाट पार्श्वभूमीचे हे हिरवे तिकीट १९०७ चे. म्हणजे खालची मर्यादा आणखी वर सरकली. मजकूर जेमतेम पाच शब्दांचा आहे, आणि तो काही लिहिणाऱ्याच्या मितभाषी स्वभावामुळे नव्हे : शुभेच्छांचे पाच शब्दांपर्यंत लिहिले तर पाच सांतीम आणि त्याहून अधिक लिहिले तर दहा सांतीम, असा त्या काळचा दर होता. चित्राखाली जिल्ह्याचे नाव ‘ल्वार-अँफेरिअर’ असे छापले आहे. या नावातील ‘खालचा’ हा अर्थ लोकांना कमीपणाचा वाटत असल्याने १९५७ मध्ये ते बदलून ‘ल्वार-अत्लाँतिक’ करण्यात आले. इथे त्या पुराव्याची गरज उरलेली नाही, पण तिकीट निघून गेलेल्या कार्डावर अनेकदा तोच एक आधार असतो. फलाटावरील माणसांच्या पोशाखांवरून हे कार्ड १९१४ च्या आधीचे असावे, असे मला वाटते. विक्रीच्या वर्णनात मी तो अंदाज म्हणूनच लिहिते.

बिले आणि जाहिराती यांना वेगळ्या खुणा असतात. प्रशियाशी झालेल्या युद्धानंतर तिजोरी भरण्यासाठी १८७१ मध्ये पावत्यांवर दहा सांतीमचे महसुली तिकीट लावणे सक्तीचे झाले, त्यामुळे सही ज्यावर आडवी गेली आहे असे लहानसे तिकीट दिसले की कागद त्यानंतरचा. ‘पेएलएम’ या रेल्वे कंपनीचे नाव असलेले वेळापत्रक १९३८ च्या आधीचे, कारण त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सर्व मोठ्या रेल्वे कंपन्या राष्ट्रीय रेल्वेत विलीन झाल्या. किमतीपुढे ‘एनएफ’ अशी अक्षरे असतील, तर तो ‘नवा फ्रँक’ होय : १ जानेवारी १९६० रोजी शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला, आणि पुढची काही वर्षे दुकानदार गोंधळ टाळण्यासाठी ही अक्षरे छापत राहिले. पत्त्यात ‘सेन-ए-वाझ’ असेल तर तो जिल्हा १९६८ मध्ये नकाशावरून पुसला गेला. दूरध्वनी क्रमांक आठ अंकी असेल तर १९८५ ते १९९६ या काळातला. शिवाय २९ जुलै १८८१ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि पत्ता असणे बंधनकारक केले आहे, आणि मुद्रणालयांचे पत्ते बदलत असत. कागदाच्या तळाशी असलेली ती मुंगीएवढी ओळ नवखे गिऱ्हाईक वाचतच नाही. माझे डोळे आधी तिथेच जातात.

नकली माल ओळखायला भिंग पुरते. जुन्या कार्डांपैकी पुष्कळशी फोटोटिपी पद्धतीने छापलेली असल्याने त्यांत अनियमित, सुरकुत्यांसारखे बारीक कण दिसतात. नव्या नकलेत रंगीत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. प्रत्यक्ष छायाचित्राच्या कागदावर काढलेल्या कार्डात ठिपकेही नसतात आणि कणही नसतात. अशा कार्डाच्या फार थोड्या प्रती निघत, म्हणून त्यांना मागणी अधिक असते.

प्रश्न : किंमत कशी ठरते? आयफेल टॉवरचे शंभर वर्षांपूर्वीचे कार्ड मौल्यवान असते का? — एक संग्राहक

बहुधा नसते. आयफेल टॉवर, नोत्र-दाम, लुर्दचे तीर्थस्थान यांची कार्डे लाखोंनी छापली गेली, लाखो लोकांनी ती जपून ठेवली, आणि आज ती बाजारात पन्नास सांतीम किंवा एक युरोच्या खोक्यात पडून असतात. जुनेपणाला या धंद्यात फारसा भाव नाही. भाव आहे तो दुर्मीळपणाला, आणि त्याहूनही जास्त, तो कागद नेमका कोणाला हवा आहे या गोष्टीला.

आपल्याकडे ‘पिकते तिथे विकत नाही’ असे म्हणतात. जुन्या कागदांच्या बाबतीत उलटे आहे : जिथे पिकते तिथेच विकते. पश्चिमेच्या ब्रिटनी प्रांतातील एखाद्या खेड्याच्या मुख्य रस्त्याचे, दारात उभा खाटीक आणि उंबऱ्यावर बसलेली मुले असलेले कार्ड दूर दक्षिणेच्या नीसच्या बाजारात एका युरोला मिळते, कारण तिथे ते खेडे कोणाला ठाऊकच नसते. तेच कार्ड त्या खेड्यापासून वीस किलोमीटरवरच्या बाजारात मांडले तर वीस किंवा तीस युरो द्यायला लोक तयार होतात, कारण त्या दारात उभा असलेला खाटीक कोणाचा तरी पणजोबा असतो. माणसे असलेल्या दृश्याला निर्मनुष्य दृश्यापेक्षा नेहमी जास्त किंमत येते, ती यामुळेच. नाँतमध्ये तिथल्याच ‘एल्यू’ बिस्किटांच्या जाहिरातींची जुनी रंगीत चित्रे जेवढ्या आवडीने घेतली जातात, तेवढ्या आवडीने ती मार्सेयमध्ये घेतली जात नाहीत.

तुम्ही म्हणाल की आता सारे काही संगणकावर विकले जाते, मग अंतराला काय अर्थ उरला? काही प्रमाणात ते खरे आहे, आणि ज्या कार्डावर गावाचे नाव छापलेले असते त्यांच्या किमती देशभर बऱ्याच सारख्या झाल्या आहेत. परंतु ज्या कागदावर गावाचे नावच नाही, जो ओळखायला चर्चचा मनोरा किंवा पुलाच्या कमानी पाहिलेल्या असाव्या लागतात, तो शोधयंत्राला सापडत नाही. तो त्या मुलुखातून हिंडलेल्या माणसालाच सापडतो.

प्रश्न : मग आपला प्रवास हौसेचा की धंद्याचा? कोणते बाजार आपण आवर्जून गाठता? — प्रवासाची आवड असलेली एक वाचक

दोन्हींचा हिशेब वेगळा काढणे मी केव्हाच सोडून दिले आहे. नकाशा पुढे ओढून आधी न पाहिलेला मुलूख निवडायचा आणि मग तिथला बाजाराचा दिवस शोधायचा, असे मी करते. धंद्याच्या दृष्टीने याच्या उलट क्रम शहाणपणाचा ठरेल, हे मला मान्य आहे. कागदाचा एक मोठा फायदा असा की तो उचलून नेता येतो. कपाटे आणि आरसे विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मालमोटार लागते, मला रेल्वेच्या डब्यात एक चाकांची पेटी पुरते. तरीही दाबून भरलेला कागद विटांइतका जड असतो, हे पूल ओलांडताना आणि जिने चढताना कळते.

पॅरिसमध्ये मी व्हाँवच्या बाजाराला पसंती देते. तो शनिवार-रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला भरतो, दुपारपर्यंत उठतो, आणि तिथे घासाघीस अजून आनंदाने चालते. सँतुआँचा बाजार अवाढव्य आणि जगप्रसिद्ध आहे, तेथील दोफीन मंडईत जुनी पुस्तके आणि छापील कागद विकणाऱ्यांची दुकाने आहेत. तिथे मी विकत घ्यायला कमी आणि शिकायला जास्त जाते, कारण तिथल्या किमतीत दुकानाचे भाडे मिसळलेले असते. शाँझेलिझेजवळ कारे मारिन्यी येथे गुरुवारी, शनिवारी आणि रविवारी झाडांखाली तिकिटांचा बाजार भरतो, त्यात पोस्टकार्डांचेही विक्रेते असतात. सेन नदीच्या कठड्यावरील हिरव्या पेट्यांतून जुनी पुस्तके विकणारे ‘बुकिनिस्त’ सर्वांना ठाऊक आहेतच. त्यांना प्रत्येकी चार पेट्यांची परवानगी असते आणि त्यांपैकी एकाच पेटीत पर्यटकांच्या भेटवस्तू ठेवता येतात; हा नियम सगळेच काटेकोर पाळत असते, तर मला तिथे जास्त वेळ घालवता आला असता.

उत्तरेकडे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी लील शहराचा ‘ब्रादरी’ भरतो. शहराचे रस्तेच्या रस्ते विक्रेत्यांनी भरतात, आणि खानावळींच्या दारात खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग रचले जातात. आम्याँ शहराचा बाजार वसंतात आणि शरदात असा वर्षातून दोनदा भरतो. लीलपेक्षा तो मला अधिक फलदायी वाटतो, कारण तिथे गर्दी खाण्यासाठी नव्हे तर खरेदीसाठी येते. दक्षिणेला लील-स्यूर-ला-सोर्ग या गावात ईस्टरला आणि १५ ऑगस्टच्या सुमारास मोठे मेळे भरतात. कालव्यांवर शेवाळलेली पाणचक्कीची चाके फिरत असतात, गाव देखणे आहे आणि माल महाग. तरी मी जाते, कारण दक्षिणेच्या व्यापाऱ्यांकडे अडकून पडलेले ब्रिटनीचे कागद तिथेच स्वस्तात मिळतात. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहांत पोस्टकार्डांची प्रदर्शने भरतात. पाऊस हा आमचा एकमेव खरा शत्रू असल्याने तो काळ तसा निर्धास्त असतो.

प्रश्न : पॅरिसच्या सहलीत मी रशियन रेल्वेचा एक जुना कर्जरोखा घेतला. त्याचे पैसे आज मिळू शकतात का? — एक बँक कर्मचारी

नाही. १८८८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लाखो फ्रेंच कुटुंबांनी असे रोखे घेतले. १९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने झारशाहीची कर्जे रद्द केली. १९९७ च्या करारानुसार रशियाने फ्रान्सला ४० कोटी डॉलर दिले, पण त्यातला वाटा रोख्यांची नोंदणी त्या वेळी केलेल्या धारकांनाच मिळाला, आणि तोही नाममात्र होता. रोखा मात्र भिंतीवर लावायला सुंदर आहे. त्याच्या कडेची व्याजाची कूपने शाबूत असतील तर ती कापू नका. नेमके कोणत्या तारखेला कुटुंबाने आशा सोडली, ते उरलेल्या कूपनांवरून वाचता येते.

प्रश्न : अनोळखी लोकांची खासगी पत्रे विकणे आपल्याला खटकत नाही का? कायदा त्याविषयी काय सांगतो? — एक वकील

कायद्याचे आधी सांगते. पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे त्याचा, पण मजकुरावरील लेखकाचा हक्क लेखकाकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे पत्र विकत घेणाऱ्याला ते वाचता येते, जपता येते, पुन्हा विकता येते. परवानगीवाचून छापता येत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. फ्रान्समध्ये सार्वजनिक अभिलेखांवरील शासनाचा हक्क कितीही काळ लोटला तरी संपत नाही. नगरपालिकेच्या नोंदवह्या, न्यायालयाची कागदपत्रे, नोटरींकडील मूळ दस्त असे काही एखाद्या माळ्यावरून बाजारात आले, तर ते विकत घेतलेल्या माणसाकडूनही परत मागता येते. त्यामुळे जुने वळणदार अक्षर आणि मुद्रा पाहून मोह झाला तरी, तो कागद कुटुंबाला दिलेली प्रत आहे की कार्यालयातील मूळ, याची खात्री पटेपर्यंत मी हात लावत नाही.

खटकण्याविषयी विचाराल, तर ते कशा प्रकारे विकले जाते यावर अवलंबून आहे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना डाक मोफत होती, आणि ते भरभरून लिहीत. त्यांच्या पत्रांचे गठ्ठे अजूनही निघतात. असा एकाच माणसाचा गठ्ठा फोडून, ज्यात लढाईचे वर्णन आहे ती पत्रे महाग आणि ज्यात शेतीची, गाईची, मोज्यांची चौकशी आहे ती स्वस्त, असे करणारे विक्रेते आहेत. पैसे त्यात जास्त मिळतात. मी गठ्ठा फोडत नाही, कारण गाईची चौकशी केलेले पत्र काढून घेतले तर खंदकातल्या पत्रातला माणूसच नाहीसा होतो. विकणारे कुटुंबच समोर असेल, तर जिल्हा अभिलेखागाराला विचारून पाहा असे मी त्यांना आधी सुचवते. २०१३ मध्ये फ्रान्सने महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त घरोघरचे असे कागद गोळा करण्याची मोठी मोहीम सुरू केली होती, आणि मूळ कागद स्वतःकडे ठेवून केवळ प्रतिमा द्यायची मुभाही तिच्यात लोकांना होती. तरीही पुष्कळांना ते ओझे नकोच असते. मग ते मी घेते.

प्रश्न : चिकटवह्या आणि कोलाज करण्यासाठी जुने कागद कापणे योग्य आहे का? — एक हस्तकला शिक्षिका

माझ्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण तुमच्यासारखेच कलाकार आहेत, त्यामुळे मला सोवळेपणाचा आव आणता येणार नाही. बांधणी निखळलेल्या हिशेबवहीची सुटी पाने, अर्धवट उरलेल्या शब्दकोशाची पाने, जोडीची पाने हरवलेली गाण्यांची स्वरलिपी, रद्दीत पडलेले कोरे औषधी लेबल हे सारे खुशाल कापावे. मी त्यांची पाकिटेच बनवून विकते. जांभळ्या शाईने लिहिलेली शाळेची वही मात्र पूर्ण असेल तर सोडून द्या. फ्रेंच शाळांत १९६५ मध्ये बॉलपेनला परवानगी मिळेपर्यंत टाक आणि ती शाई हीच रीत होती, आणि एका मुलाचे अख्खे वर्ष जिच्यात आहे अशी सलग वही आता सहजासहजी मिळत नाही. ज्यावर गावाचे, दुकानाचे किंवा माणसाचे नाव आहे त्याची प्रत काढून प्रतच कापावी.

प्रश्न : फ्रान्समध्ये राहून हा व्यवसाय सुरू करायचा असेल, तर पहिली पायरी कोणती? — तिथे शिकणारी एक विद्यार्थिनी

नोंदणी. वर्षातून दोनदा माळा रिकामा करणे वेगळे आणि विकण्यासाठी विकत घेणे वेगळे. दुसरे करायचे तर व्यावसायिक म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि त्यासोबत एक नोंदवही ठेवावी लागते, जिला सगळेजण ‘पोलिसांची वही’ म्हणतात. कोणती वस्तू, कोणाकडून, कधी, केवढ्याला घेतली हे तीत लिहायचे, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती दाखवायची. चोरीचा माल बाजारात फिरू नये म्हणून हा नियम आहे, पण मला त्याचा दुसराच उपयोग होतो : गठ्ठा कोणत्या गावातून आला हे लिहिलेले असल्याने, त्यातले निनावी छायाचित्र कोणत्या गावच्या बाजारात मांडावे हे वर्षभरानंतरही सांगता येते. तेव्हा विद्यार्थी-परवान्यावर स्वतंत्र व्यवसाय करता येतो का, हे आधी तुमच्या प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शासकीय कार्यालयात, विचारा, आणि तोवर रविवारी पहाटे उठायची सवय लावून घ्या.